दुसरा बार

१

गजानन सप्रे खड्ड्यात पालथे पडले होते आणि त्यांच्या उजव्या मुठीत खळीचा ब्रश तसाच होता. वसुंधरेने आधी पाहिला तो ब्रश. माणसाच्या पाठीवर रक्ताचा एवढा डाग पसरलेला असताना तिचं लक्ष नेमकं ब्रशाकडे का गेलं, हे तिला सांगता आलं नसतं. भीतीने डोळे भलतीकडे पळतात, एवढंच खरं. ब्रशाचे केस वाळून ताठ झाले होते. खड्ड्याच्या काठावर दहा लाकडी चौकटी ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांतल्या पहिल्या दोनच चौकटींवर नवी कागदी टार्गेटं चिकटवलेली होती.

पाच मिनिटांपूर्वी, पावणेआठच्या सुमाराला, दोन बार झाले होते. धाड, आणि जरा थांबून पुन्हा धाड. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, तिरंदाजीच्या बाजूला, वसुंधरा धनुष्यांच्या दोऱ्यांना मेण चोळत बसली होती. समोर रघुनाथ बसून मेणाच्या वड्या तापवून देत होता. कडुलिंबाखाली गोविंदराव आणि विद्याधर चहा पीत होते. चौघंही एकदम उठले, कारण आठ वाजता सप्रे मास्तरांनी खड्ड्यातून पांढरी झेंडी हलवल्याशिवाय रायफलीत गोळी भरायचीच नाही, असा सक्त नियम होता. मास्तर फौजेतून हवालदार होऊन आलेले. नियम मोडणाऱ्याला ते उन्हात उभं करत, मग तो कुणाचाही मुलगा असो.

आणि गोळी झाडायच्या रेषेवर, रायफल हातात धरून, एकटी बकुळ उभी होती. बकुळ म्हणजे वसुंधरेच्या बहिणीची मुलगी, सतरा वर्षांची. आई गेल्यापासून ती मावशीजवळच वाढली होती.

झाशीच्या रेल्वेतल्या मराठी मंडळींनी आणि शहरातल्या चार जुन्या घराण्यांनी मिळून पाच वर्षांपूर्वी, त्रेपन्न साली, हे नेमबाजी आणि तिरंदाजी शिक्षण मंडळ काढलं होतं. प्रेम नगरच्या पलीकडे बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा मिळाली. मागे मातीचा उंच बांध होता, गोळ्या अडवायला आयताच. बांधाच्या पलीकडून कोळशाच्या वाघिणी नेणारी एक साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटलेला रुळांचा फाटा, जात होती. अध्यक्ष गोविंदराव दांडेकर, निवृत्त गार्ड. चिटणीस विद्याधर, रेल्वे ऑफिसातला कारकून. नेमबाजी सप्रे शिकवत आणि तिरंदाजी वसुंधरा. रघुनाथ रेल्वेतून खलाशी, म्हणजे रुळांवरचा हरकाम्या, म्हणून निवृत्त झालेला. कपाटं उघडणं, सामान दुरुस्त करणं, चहा आणणं, सगळं त्याच्याकडे. त्याच्यावाचून मंडळाचं पान हलत नसे.

पोलीस ठाण्यातून तिवारी दरोगा आले, त्यांनी बकुळच्या रायफलीची नळी हुंगली आणि मान हलवली. नळीला जळक्या दारूचा वास होता. बार झाले तेव्हा बाकीचे चौघं एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते. शिवाय आदल्याच आठवड्यात मास्तरांनी दिल्लीच्या स्पर्धेतून बकुळचं नाव कापलं होतं आणि ती सगळ्यांदेखत रागावून निघून गेली होती. एक गोळी मास्तरांना लागली, दुसरी बांधाच्या मातीत गेली असेल. दरोगांना तर सगळं स्वच्छ दिसत होतं.

गोविंदरावांनी आपली पांढरी मिशी पणाला लावली म्हणून मुलगी त्या दिवशी घरी राहिली. तो शनिवार होता. सोमवारी सकाळी दहाला तिला कोतवालीत हजर करायचं ठरलं.

२

घरी आल्याआल्या वसुंधरेने दाराला कडी लावली. सगळ्यांत मोठी भीती तिला दरोगाची नव्हती. मुलीच्या हातून खरंच झालं असेल तर, ही होती. पोरगी तापट, रायफल हातात, समोर पाठमोरा माणूस. ती भीती तिने तोंडाने बोलूनही टाकली.

"बकुळ, माझ्याकडे बघून सांग."

"मावशी, मी गोळी भरलीच नव्हती. झेंडीच नाही हलली, तर कशी भरणार? मी साडेसातला आले, रायफल घेतली आणि खाली लेटून नुसत्या ट्रिगरची प्रॅक्टिस करत होते." बकुळचं मराठी असंच होतं, अर्धं घरचं आणि अर्धं गल्लीतलं. "आणि नळी आधीच गंदी होती. काल मी साफ करून ठेवली होती. आज बघितली तर काळी. मला वाटलं रघुनाथकाका तेल द्यायला विसरले."

"मास्तर दिसले का तुला?"

"नाही. मला वाटलं खड्ड्यात आहेत."

आवाजाचं विचारल्यावर ती क्षणभर डोळे मिटून बसली. नेमबाजाला वेळ मोजायची सवय श्वासाने लागते. पहिला बार झाला तेव्हा ती श्वास आत घेत होती. तो पुरा घेऊन, पुरा सोडला, आणि मग दुसरा झाला. आवाज समोरून आला, पण वरून आल्यासारखा, बांधाच्या मागून. हे तिने दरोगांनाही सांगितलं होतं. दरोगांनी मुलीच्या श्वासोच्छ्वासाची नोंद करून घेणं अर्थातच शक्य नव्हतं.

वसुंधरेचा मुलीवर विश्वास बसला. का, ते विचारू नये, बसला. पण विश्वास कोतवालीत चालत नाही, आणि तिला तो ब्रश आठवत होता.

तिने चुलीवर कणकेची खळ शिजवली. घरातला जुना ब्रश त्यात बुडवून अंगणात, मैदानावर होतं तसल्याच सावलीत ठेवला आणि समोर घड्याळ घेऊन बसली. फाल्गुनातली कोरडी हवा, तरी ब्रशाचे केस तसे ताठ व्हायला पाऊण तास लागला.

पाऊण तास. मास्तर रोज सातला पाच कमी असताना पहिलं टार्गेट चिकटवत आणि साडेसातच्या आत दहाही संपवत. आज दोनच झाली होती. म्हणजे पावणेआठला बार झाले तेव्हा मास्तर मरून पाऊण तास उलटला होता.

वसुंधरेने घड्याळ पालथं ठेवलं. मुलगी सुटत होती, ही आनंदाची गोष्ट. पण त्या चौघांनी एकमेकांना दिलेली साक्षही त्याबरोबर गेली. तिने ज्यांच्याबरोबर बसून दोऱ्यांना मेण चोळलं, चहा घेतला, त्यांतलाच कुणीतरी मास्तरांना मारून येऊन बसला होता. आणि तो उद्याही येऊन बसेल. तिने बकुळला बजावलं की हे कुणाजवळही बोलायचं नाही, आणि मागचं दारही लावून घेतलं.

३

सात वाजता कोण कुठे होतं, एवढंच विचारायचं होतं, पण ते न विचारल्यासारखं.

गोविंदरावांकडे ती संध्याकाळी गेली. त्यांनी तिला बसवलं, धीर दिला, आणि न विचारताच सांगून टाकलं की सकाळी भोंग्यावर लावलेलं त्यांचं घड्याळही दुपारी बंद पडलं. रोज सातला वर्कशॉपचा भोंगा होतो, पुरता एक मिनिट वाजतो, आणि गोविंदराव पोर्चमध्ये उभे राहून त्यावर घड्याळ लावतात. शेजारचे जोशी त्यांना त्यावरून रोज चिडवतात, आजही चिडवलं. मग जोशी साक्षीला होतेच.

तिथून निघताना गोविंदराव हळू आवाजात म्हणाले, "श्रीकृष्ण असता तर आज तुझ्या पाठीशी उभा राहिला असता." वसुंधरेने मान खाली घातली. श्रीकृष्ण तिचा नवरा. तोही गार्ड होता. सत्तेचाळीसच्या जानेवारीत, कानपूर लाइनीवरच्या एका लहान स्टेशनाजवळ, पहाटेच्या दाट धुक्यात त्याची मालगाडी उभी असताना मागून दुसरी गाडी येऊन धडकली. श्रीकृष्ण गेला, मागच्या इंजिनाचा ड्रायव्हरही गेला. चौकशी झाली आणि दोष दोन मेलेल्या माणसांत वाटून टाकला गेला. ड्रायव्हरने इशारा मिळूनही गाडी वेळेत आवरली नाही, आणि गार्डाने गाडीच्या शेपटीचा लाल दिवा लावला नव्हता. अकरा वर्षं रेल्वेच्या वस्तीत वसुंधरा ही दिवा न लावणाऱ्या गार्डाची बायको होती. तोंडावर कुणी म्हणत नसे. तिच्या घरात मात्र दिवेलागण एक दिवस चुकली नव्हती.

विद्याधरकडे गेली तेव्हा त्याच्या बायकोने, शकुंतलेने, दार उघडलं. विद्याधर सात वाजता बडा बाजारात हलवायासमोर रांगेत उभा होता. वर्गासाठी जलेबी आणायची पाळी त्याची होती, आणि रांगेत ऑफिसातली तीन माणसं त्याच्या मागे होती. तो घाबरलेला होता, पण चुळबुळ करण्याचं कारण वेगळंच निघालं. शुक्रवारी मास्तर त्याला म्हणाले होते की उद्या वर्ग सुटल्यावर वसुताईंना थांबवून ठेवा, त्यांना एक अकरा वर्षांपूर्वीचं सांगायचंय. ज्याचं आहे तो माणूस स्वतः सांगणार आहे, त्याने नाही सांगितलं तर मी सांगेन. विद्याधरने हे दरोगांना सांगितलं नव्हतं. विधवा बाईचं नाव कशाला ओढायचं, असं त्याला वाटलं.

म्हणजे मास्तरांच्या मरणाचं टोक तिच्याच दारात येत होतं.

शकुंतला चहा ठेवता ठेवता सहज म्हणाली, "काय तो सकाळचा आवाज बाई. मी इथे भाजी फोडणीला टाकली होती, हातातला झारा पडला."

वसुंधरेने कप खाली ठेवला. शकुंतलेचं घर मैदानापासून मैलभर. मंडळाच्या रायफली पॉइंट टू-टूच्या, त्यांचा आवाज कोरडी फांदी मोडल्यासारखा. मैदानाच्या फाटकाबाहेर तो नीट ऐकू येत नाही. भोंगा वाजत असला तर शेजारी उभ्या माणसालाही येणार नाही.

मास्तरांचा बार भोंग्यात विरला होता. मग मैलभर ऐकू गेलेले ते दोन बार कसले होते?

४

रविवारी सकाळी ती बांध चढून पलीकडे उतरली. मंडळाला पोलिसांनी कुलूप घातलं होतं, मैदानात चिटपाखरू नव्हतं. साइडिंगचे रूळ गंजलेले होते, मधली रेघ तेवढी चकचकीत. रोज सकाळी पावणेआठच्या आसपास शंटिंगचं इंजिन कोळशाच्या रिकाम्या वाघिणी न्यायला माणसाच्या चालीने येतं, हे तिला पाच वर्षांच्या ऐकण्याने ठाऊक होतं.

ती वाकून रुळाकडे बघत चालली. बांधाच्या मधोमध पोचल्यावर खडीत पत्र्याचा एक फाटका तुकडा सापडला, आतून काळा पडलेला. त्याला शिशाची वाकडी पट्टी लोंबत होती. तिने तो उचलून उलटसुलट करून पाहिला. हे तिने घरात पाहिलं होतं. गार्डाच्या पेटीत अशा चपट्या डब्या असतात. रेल्वेवाले त्यांना फटाके म्हणतात. धुक्यात सिग्नल दिसत नाही, तेव्हा डबी शिशाच्या पट्टीने रुळावर बांधून ठेवतात. इंजिनाचं चाक वर आलं की ती धाडकन फुटते आणि ड्रायव्हर सावध होतो.

तिने पावलं मोजली. दहाव्या पावलावर दुसऱ्या डबीचे तुकडे होते. त्यातल्या एकावर ठसा उमटलेला होता: ४६.

इंजिन माणसाच्या चालीने आलं, पहिली डबी फुटली, दहा पावलांनी दुसरी. एक श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढा वेळ.

"वहिनी, रुळावरून नका चालू."

तिने दचकून वर पाहिलं. बांधाच्या माथ्यावर रघुनाथ उभा होता. उन्हाकडे पाठ असल्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. तुकडे तिने पदराआड मुठीत घेतले आणि ते तळव्यात रुतले तरी मूठ सोडली नाही. बकुळची पिन इथे पडली असेल म्हणून बघत होते, असं काहीतरी ती बोलली. पिन इथे कशी पडेल, हे त्याने विचारलं नाही.

"सापडली का?" तो म्हणाला.

"नाही."

"मग चला. मी खाली उतरवून देतो. पाय घसरेल."

त्याने हात पुढे केला. श्रीकृष्ण गेल्यापासून या माणसाने तिच्या दारात भाजी आणून दिली होती, पावसाळ्यात कौलं शाकारली होती आणि कधी एक पैसा घेतला नव्हता. तो हात न घेणं जमण्यासारखं नव्हतं. तिने घेतला. तो बर्फासारखा गार लागला, आणि बांध उतरून फाटकाशी येईपर्यंत त्याने तो सोडला नाही.

५

गोविंदरावांनी चष्मा पुसला, तुकडे खिडकीजवळ नेऊन पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षं हा आवाज ऐकला आणि काल ओळखता आला नाही, म्हणून त्यांना लाज वाटली. पण धुकं माघातच संपलं. ऊन पडलेलं असताना फटाक्याची आठवण रेल्वेवाल्याला होत नाही, आणि समोर बंदुकीचं मैदान असल्यावर तर नाहीच.

वसुंधरेने ब्रशापासून सगळं सांगितलं. सातच्या भोंग्यात कुणीतरी बकुळची रायफल काढून मास्तरांना मारलं आणि ती जागेवर ठेवून दिली. पावणेआठला बार ऐकू यावा म्हणून रुळावर फटाके लावून ठेवले, आणि त्या वेळी तो चारचौघांत येऊन बसला. बांधापलीकडून कुणा शिकाऱ्याची गोळी आली असं वाटावं, असा बेत असावा. बकुळची परीक्षा जवळ आलेली, शनिवारी ती घरी बसून अभ्यास करणार होती. ती त्या दिवशी येणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पण काका, बार एकच पुरला असता. मास्तरांना गोळी एकच लागली. दुसरा बार ऐकवून त्याने स्वतःचंच काम अवघड केलं. का केलं असेल?"

गोविंदरावांनी तुकडे शेजारी शेजारी मांडले. मग हळूहळू बोलायला लागले.

"विद्याधरसारखा कारकून असता तर त्याने एकच लावला असता. त्याला काय माहीत. माझ्यासारखा गार्ड असता तर हाताने आपोआप तीन लागले असते. गाडी वाटेत अडली की मागे पळत जाऊन आम्ही तीन लावतो. दोन, आणि दहा पावलांवर... हा धुक्याच्या ड्युटीवरचा खलाशी आहे, वसू. सिग्नलच्या अलीकडे दोन. एक फुटला नाही तर दुसरा असावा म्हणून दोन. वीस हिवाळे ज्याने हे केलं, त्याला एक लावता येतच नाही."

मंडळात असा माणूस एकच होता. सकाळी साडेसहाला कपाटं तोच उघडत असे. साडेसातला चहा आला तेव्हा मास्तरांना हाक मारू का, असं वसुंधरेने विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, "त्यांचं चिकटवणं चाललंय, आत्ताच बघून आलो."

"आणि हे शेहेचाळीस काय?" तिने विचारलं.

"डबीवर साल असतं. जुन्या झाल्या की परत घेतात. शेहेचाळीसची डबी आज कुणाकडे असायलाच नको." त्यांनी तो तुकडा तिच्या हातात परत दिला. "असलीच तर अशा माणसाकडे, ज्याने ती लावली असं सांगितलं आणि लावली नाही. मग ती परत तरी कशी करणार?"

सत्तेचाळीसच्या जानेवारीत, त्या स्टेशनावर, धुक्याच्या ड्युटीवर कोण होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. 'दोन फटाके लावले, दोन्ही फुटले, ड्रायव्हरने वेग कमी केला, पण पुढच्या गाडीला दिवा नव्हता,' अशी शपथेवर साक्ष देणारा खलाशी रघुनाथ होता.

गोविंदराव टोपी घालून कोतवालीकडे निघाले. वसुंधरा घराकडे धावली, कारण बकुळ घरी एकटी होती, आणि रघुनाथने हाक मारली असती तर आतली कडी काढायला पोरगी क्षणभरही थांबली नसती.

६

सूर्य बुडाला होता. गल्लीतल्या सगळ्या घरांतून उजेड होता, फक्त तिच्या घरात काळोख. उंबऱ्याशी रघुनाथच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

आत तो पाटावर बसला होता. मांडीवर तिचं धनुष्य होतं, नवी दोरी चढवलेलं. समोर भिंतीला टेकून बकुळ बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन.

"मावशी, काका मला उठूच देत नाहीयेत," ती म्हणाली. "म्हणतात, मावशी आल्यावरच दिवा लाव."

पळून जावं असं वसुंधरेला वाटलं. खरंच वाटलं. पण मुलगी आत होती. ती दारातून आत आली आणि रघुनाथ आणि बकुळ यांच्या मधोमध जमिनीवर बसली. मुठीतला पत्र्याचा तुकडा तिने त्याच्यासमोर ठेवला. काळोखात साल दिसत नव्हतं, पण त्याला वाचायची गरज नव्हती.

"दोन का लावलेत, रघुनाथभाऊ?"

धनुष्याच्या दोरीवरून त्याचं बोट खालीवर फिरत होतं.

"एक फुटला नसता तर?" तो म्हणाला. "अकरा वर्षं जुने होते. दोन लावायचे असतात, वहिनी."

मग त्याने सांगितलं. मंडळाच्या कोठीतल्या पेटीच्या तळाशी ती डबी-जोडी त्याने लपवून ठेवली होती. फेकून द्यायची हिंमत कधी झाली नाही. कुठे फेकली तरी सापडेल असं वाटायचं. बुधवारी मास्तरांनी कोठी आवरायला काढली आणि ती त्यांच्या हाती लागली. फौजी माणूस, साल बघून विचारत बसला, आणि रघुनाथला खोटं धड सांगता आलं नाही. मास्तरांनी ती त्याच्याच हातावर ठेवली आणि त्याला तीन दिवस दिले. शनिवारी वर्ग सुटल्यावर तू होऊन वसुताईंना सांग, म्हणाले.

"मी तयारी केली होती, वहिनी. रोज मनात बोलून बघायचो. पण तुमच्या दारात भाजी घेऊन यायचो तेव्हा तुम्ही म्हणायचा, रघुनाथभाऊ, तुमच्याशिवाय आम्हाला कोण आहे. ते ऐकल्यावर पुढचं निघायचंच नाही. मग शनिवारी भोंगा झाला आणि..." त्याने वाक्य सोडून दिलं. "पोरगी येणार हे मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं."

"पण आल्यावर तर दिसली. काल दिवसभर दिसली. उद्या तिला नेणार होते." वसुंधरेचा आवाज चढला नाही, चढवायला अंगात जोरच नव्हता. "तेव्हाही तुम्ही गप्प बसलात. पुन्हा."

तो शब्द त्याला लागला. त्याने धनुष्य मांडीवरून काढून जमिनीवर ठेवलं, आणि हलकेच तिच्याकडे सरकवलं. वसुंधरेने ते उचलून मागे बकुळकडे दिलं.

बाहेर सायकली थांबल्याचा आवाज झाला. गोविंदरावांचा खोकला ओळखू आला. वसुंधरा उठली, देवापाशी गेली आणि तिने काडी ओढली. दिवा लागला तसा रघुनाथचा चेहरा तिला दिसला. तो रडत होता, आणि दिव्याकडे बघत होता.

"मी शेगडीपाशी बसलो होतो," तो म्हणाला. "थंडी फार होती, डोळा लागला. मालगाडीच्या आवाजाने जाग आली. गार्डाची शेवटची ब्रेकव्हॅन माझ्यासमोरून गेली. तेव्हाच उठून फटाके लावायचे होते. म्हटलं, एक मिनिट. फक्त एक मिनिट डोळे मिटतो."

"ब्रेकव्हॅन तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली."

वसुंधरा विचारू शकत नव्हती. विचारलं बकुळने, मावशीच्या खांद्यामागून.

"दिया जल रहा था, काका?"

तिवारी दरोगा आत आले. त्यांनी कागद काढला, पेटीवर टेकून लेखणी सरसावली आणि रघुनाथला म्हणाले, सप्रे मास्टर का बताओ, शुरू से. रघुनाथने हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली, तोच वसुंधरेने कागदावर तळहात ठेवला.

"दरोगाजी, वो बाद में. पहले दूसरी बात लिखिए."

"कौन-सी बात, बहनजी?"

तिने रघुनाथकडे पाहिलं. तो पाटावरून उठून उभा राहिला, जसा अकरा वर्षांपूर्वी चौकशीच्या टेबलासमोर उभा राहिला असेल.

"श्रीकृष्ण बाबू की गाड़ी की बत्ती," तो म्हणाला. "जल रही थी, साहब. लाल, साफ. मैंने अपनी आँख से देखी थी."

दरोगांना त्यातलं काही कळलं नाही, पण बाईंचा हात कागदावरून उचलेपर्यंत थांबून त्यांनी ते लिहून घेतलं.